जीझामावशीचं सातवं चर्च

विस्तिनला कुणी विचारलं असतं की बाबा रे, तुझा जीव नक्की कशात आहे, तर त्यानं खोटं न बोलता सांगितलं असतं, जीझामावशीच्या डाव्या घोट्यात. आणि नेमका तो घोटा गुड फ्रायडेच्या बरोबर सोळा दिवस आधी मोडला. बाल्कनीच्या काचा पुसायला मावशी स्टुलावर चढली, स्टूल एकीकडे गेलं, मावशी दुसरीकडे, आणि खाली रस्त्यावरच्या भाजीवाल्याचं म्हणणं असं की पडता पडता सुद्धा ती त्याला कोबीचा भाव विचारत होती.

आता घोट्याचा आणि जिवाचा संबंध काय, तर तो असा. विस्तिन जन्मला तेव्हा निळा होता. शाई सांडल्यासारखा निळा. त्याची आई कार्मनी, म्हणजे जीझामावशीची धाकटी बहीण, बेशुद्ध पडलेली, आणि डॉक्टर म्हणाला की आता फादरला बोलवा. फादर यायच्या आत मावशी दवाखान्याच्या गॅलरीत उभी राहून नवस बोलली: हे पोर जगलं तर पन्नास वर्षं, एकही न चुकवता, मी सात भेटी करीन. सात भेटी माल्टाच्या राजधानीत, व्हॅलेटात, सगळेच करतात. गुरुवारी संध्याकाळी चर्चाचर्चांतून फुलं-मेणबत्त्यांनी वेदी सजते, शुक्रवारी दुपारपर्यंत तशीच असते, तेवढ्यात सात चर्चं गाठायची, प्रत्येक ठिकाणी प्रार्थना म्हणायची, बाहेर पडायचं, की पुढचं. पण एकदा-दोनदा चुकलं तर लोक म्हणतात, पुढच्या वर्षी. मावशीला ती सोय नव्हती. गॅलरीतून नवस बोलून ती आत वळली तेवढ्यात पोर रडलं. फादर आला तो बाप्तिस्मा देऊन, चहा पिऊन परत गेला.

त्यानंतर मावशीनं एकोणपन्नास वेळा सात भेटी केल्या. एकदा तर सकाळी दाढ काढून, तोंडात कापसाचा बोळा धरून केल्या. त्या वर्षीच्या प्रार्थना देवाला कितपत कळल्या हे देवालाच माहीत, पण भेटी झाल्या.

ते निळं पोर आता सरकारी खात्यात हेडक्लार्क होतं. डोक्यावर केस नाहीत, पोटावर शर्टाचं बटण टिकत नाही, रोज सकाळी ब्लडप्रेशरची अर्धी गोळी. एकोणपन्नास पूर्ण, पन्नासावं लागलेलं. विस्तिनचा असल्या गोष्टींवर काडीचा विश्वास नव्हता, आणि हे तो येईल-जाईल त्याला सांगायचा. जानेवारीत पन्नासावं लागल्यापासून त्यानं सांगायचं बंद केलं होतं.

"पाय माझा मोडलाय," मावशी दवाखान्यातच त्याला म्हणाली, "पण काळजी तुझी तू कर."

"मावशी, असं काही नसतं."

"नसेल. एकोणपन्नास वर्षं झाली बघायला. आणखी एकानं काय बिघडतंय. बघूया काय होतं ते."

हे 'बघूया काय होतं ते' तिनं इतक्या शांतपणे म्हटलं की विस्तिननं तिथल्या तिथे स्वतःची नाडी धरून पाहिली. नाडी होती. पण जरा घाईत होती.

तर मग ठरलं, व्हीलचेअर आणायची. सरकारी भांडारातून फुकट मिळते, फक्त अर्ज भरायचा. विस्तिननं अर्ज भरला, डॉक्टरची चिठ्ठी जोडली, दोन फोटो जोडले, आणि खिडकीवर दिला. खिडकीमागच्या मुलीनं तो वाचून परत सरकवला.

"अकरावं कलम, सर. अर्जदारानं, खिडकीवर, जातीने हजर राहून, सही करायची."

"अहो, तिला चालता येत नाही. चालता येत असतं तर खुर्ची कशाला मागितली असती?"

"खरंय सर. पण कलम आहे."

"हे असलं कलम लिहिलं कुठल्या गाढवानं?" विस्तिन म्हणाला, आणि म्हणता म्हणताच त्याला त्या वाक्याची ठेवण ओळखीची वाटायला लागली. ते अल्पविराम. ते 'जातीने हजर राहून'. बारा वर्षांपूर्वी इथंच बदलीवर असताना त्यानं स्वतः बसून अर्जांचे नमुने तयार केले होते, आणि अकराव्या कलमाबद्दल त्याला शाबासकीचं पत्रसुद्धा मिळालं होतं. ते पत्र घरी चौकटीत आहे.

"मावशींना घेऊन या ना," ती मुलगी समजुतीनं म्हणाली. "एखाद्या व्हीलचेअरवर बसवून."

विस्तिन अर्ज घेऊन बाहेर आला. माणसाचा अपमान दुसऱ्यानं केला तर त्याला उत्तर देता येतं. स्वतःच्याच अल्पविरामांनी केला तर कुणाकडे बघायचं.

मधल्या काळात ही गोष्ट मावशीच्या गल्लीभर झाली होती. मावशी दुसऱ्या मजल्यावर राहते, जिना गोगलगायीच्या शंखासारखा. खालच्या मजल्यावरची तेरेझ रोज एक नवा उपाय घेऊन वर यायची. तेरेझचं म्हणणं, सामान चढवायची क्रेन असते ना, कपाटं-पियानो खिडकीतून उतरवायची, तिनं मावशीला बाल्कनीतून उतरवा. दुसरं कुणी म्हणालं, कुठं जायचंच कशाला, एकाच चर्चात सातदा आत-बाहेर केलं तरी चालतं, आजाऱ्यांना सूट असते.

"सूट आजाऱ्यांना," मावशी म्हणाली. "मी पडलेय. पडणं म्हणजे आजार नव्हे."

मग रस्त्यावरून वाद. मावशीचं घर शहराच्या खालच्या टोकाला, म्हणजे आधी चढ. एक गट म्हणाला, आधी वेशीपर्यंत चढून जा आणि मग चर्चं करत उतरा. दुसरा गट म्हणाला, चढताना माणूस मरतो, पण उतरताना खुर्ची पळते, तेव्हा चर्चं चढतानाच करा, मेलेलं बरं. हे बोलताना सगळे विस्तिनच्या पोटाकडे बघत होते.

खुर्ची शेवटी मिळाली, पण कुठून मिळाली तिथेच सगळी मेख आहे. मावशी दोमिनिकवाली. म्हणजे संत दोमिनिकच्या चर्चची, त्याच्या सणाची, त्याच्या बँडची. आणि चार गल्ल्या वर राहतात ते पौलवाले. दोघांचा देव एक, भाषा एक, पाव आणायची बेकरीसुद्धा एकच, पण दोमिनिकवाला पौलवाल्याच्या बँडचं संगीत ऐकू येऊ नये म्हणून भर उन्हाळ्यात खिडक्या लावून घामाघूम होऊन बसतो. मावशीचं तर याच्याही पुढचं होतं. तिच्या धाकट्या बहिणीनं, कार्मनीनं, लग्न केलं ते पौलवाल्यांच्या क्लॅरिनेट वाजवणाऱ्याशी. मावशीनं भर रस्त्यात शपथ घेतली की त्या चर्चात मी पाय ठेवणार नाही. आणि नाही ठेवला. बहिणीच्या लग्नाला ती समोरच्या फुटपाथवर उभी होती, नवा झगा घालून. विस्तिनच्या सगळ्या कार्यांना फुटपाथवर. तीन वर्षांपूर्वी कार्मनी गेली तेव्हासुद्धा, काळी ओढणी घेऊन, त्याच फुटपाथवर.

आणि व्हीलचेअर होती ती पौलवाल्यांच्या बँडच्या क्लबात. स्पीरूकाकाकडे. स्पीरूकाका विस्तिनच्या वडिलांचा दोस्त, वय ऐंशी, अजून मोठी झांज वाजवतो.

"ने की," स्पीरूकाका म्हणाला. "गुरुवारी आमच्या म्हाताऱ्यांच्या भेटी आहेत, शुक्रवारी सकाळी घेऊन जा. पण दोनला परत. आमच्या ढोलवाल्याला मिरवणूक बघायला बसवायचंय. आणि जीझाला सांगू नकोस कुणाची ते."

सांगायची गरजच नव्हती. खुर्चीच्या पाठीवर लाल दोऱ्यानं, वीतभर उंचीच्या अक्षरांत भरलं होतं: जय संत पौल. खाली तलवार, आणि तलवारीला वेटोळं घातलेला साप.

विस्तिननं त्यावर बायकोचा, डोरिसचा, लेसचा टेबलक्लॉथ पाठीमागून सेफ्टी पिनांनी टाचला. हा टेबलक्लॉथ लग्नातला. डोरिसला विचारलं असतं तर तिनं नाही म्हटलं असतं, म्हणून त्यानं विचारलं नाही.

शुक्रवारी सकाळी नऊला मावशीला स्वयंपाकघरातल्या खुर्चीत बसवून शंखातून खाली आणलं. पुढून विस्तिन, मागून तेरेझचा नवरा, आणि मध्ये मावशी सूचना देत. खाली व्हीलचेअर बघून तिचा चेहरा उजळला.

"लेस लावलीये. तुझ्या बायकोला अक्कल आहे म्हणायची." आणि मग यादी सांगितली. विजयमातेचं, फ्रान्सिसचं, अगस्तीनचं, कार्मेलचं, जेझुइटांचं, मग आपलं दोमिनिकचं.

"हे सहाच झाले, मावशी."

"मग बाहेर यायचं आणि परत दोमिनिकचं. सात. दर वर्षी असंच करते."

विस्तिनला एकोणपन्नास वर्षांत हे माहीत नव्हतं. आपला जीव एक चर्च दोनदा मोजून राखलाय हे ऐकून त्याच्या पोटात गोळा आला, पण पोटात दुसरं काही नव्हतंच, गुड फ्रायडेचा उपास, त्यामुळे गोळ्याला जागा भरपूर होती.

चढ चढला. कसा चढला ते विचारू नका. विजयमातेच्या पायरीपाशी पोचेपर्यंत त्याचा शर्ट अंगाला चिकटला होता आणि अकरा वाजत आले होते. विजयमातेचं झालं, फ्रान्सिसचं झालं. अगस्तीनमध्ये ही गर्दी. अर्धा तास रांग. मावशी प्रत्येक ठिकाणी पूर्ण प्रार्थना म्हणायची, एक शब्द न गाळता, आणि वर वेदीच्या फुलांवर शेरा मारून मगच बाहेर. कार्मेलमधून निघाले तेव्हा साडेबारा. घंटा नाहीत, त्या गुरुवारपासून शनिवारपर्यंत गप्प असतात, त्यामुळे विस्तिन दर मिनिटाला मनगटाकडे बघत होता. चार झाली. राहिली तीन. म्हणजे दोन आणि परत एक.

"सारखं घड्याळ काय बघतोस?" मावशी म्हणाली.

"दीडला दोमिनिकवाले दारं लावतात ना, तीनच्या विधीसाठी."

"दीडला आपण दुसऱ्यांदा बाहेर आलेलो असू. ढकल."

आणि त्यानं ढकलली, आणि इथे दुसऱ्या गटाचं म्हणणं खरं ठरलं. कार्मेलकडून उतरणारी गल्ली म्हणजे घसरगुंडी. विस्तिनचे हात घामानं निसटते, ब्रेकची दांडी त्यानं ओढली ती तुटून त्याच्या हातातच आली, आणि मावशी निघाली. सुरुवातीला अगदी सावकाश, जणू फिरायला. मग तिच्या काळ्या ओढणीची टोकं मागे उडायला लागली. विस्तिन मागून धावतोय, तोंडातून आवाज फुटत नाही, आणि खाली आडव्या रस्त्यावर संध्याकाळच्या मिरवणुकीचा जड लाकडी पुतळा आडवा ठेवलेला. मावशीनं मागे वळूनसुद्धा पाहिलं नाही. ती जपमाळ ओढत होती. घाई आहे म्हणून विस्तिन जोरात ढकलतोय असंच तिला वाटत होतं.

पुतळ्याच्या अलीकडे तीन पावलांवर खुर्ची एका रोमन शिपायानं अडवली. मिरवणुकीतलाच तो, कुठल्या तरी गॅरेजात कामाला असलेला धटिंगण, चिलखत चढवलेलं, पायात मोजे आणि त्यावर सँडल. एका हातात भाला, एका हातात मोबाईल, त्यानं भाला टाकून खुर्ची धरली. मोबाईल नाही टाकला.

"सावकाश आजी," तो म्हणाला. मग त्यानं खुर्ची वळवून विस्तिनच्या हातात दिली, आणि वळवताना त्याला पाठ दिसली, आणि त्याचा चेहरा खुलला. "अरे वा. आपल्याच की तुम्ही." आणि छातीवर मूठ आपटून त्यानं सलाम केला.

"गुणी मुलगा," मावशी म्हणाली. "नक्की दोमिनिकवाला."

विस्तिननं पाठीकडे पाहिलं. टेबलक्लॉथ नव्हता. दोन सेफ्टी पिना होत्या, उघड्या, आणि मध्ये लालभडक संत पौल. वाऱ्यानं डोरिसची लेस उचलून कुठल्या बाल्कनीत नेली होती कोण जाणे.

आता काय करणार? विस्तिननं पोट पुढे काढलं, खुर्चीच्या पाठीला चिकटवलं आणि तसाच चालायला लागला. आयुष्यात पहिल्यांदा ते पोट कामाला आलं. पाय लांब टाकता येत नव्हते, खुर्चीची मूठ बरगडीत रुतत होती, पण अक्षरं झाकली गेली. जेझुइटांचं चर्च त्यानं असंच केलं. मागून येणारा एक म्हातारा बायकोला म्हणाला, "बघ, आईवर किती माया आहे. सोडतच नाही." पाच.

दोमिनिकच्या दारात पोचले तेव्हा एक वाजून दहा मिनिटं. आत सगळी गल्ली भरलेली. तेरेझ पुढच्या बाकावर, तिच्या बाजूला अकरा बायका, सगळ्या मावशीच्या शाळेपासूनच्या, आणि मावशी पन्नासावी भेट देणार हे सगळ्यांना माहीत. बायका उठून उभ्या राहिल्या. मावशी राणीसारखी मधल्या वाटेनं आत आली, मागे विस्तिन चिकटलेला.

वेदीसमोर खुर्ची थांबली. मावशीनं प्रार्थना सुरू केली. मग हळूच म्हणाली, "गुडघे टेक."

"मावशी, गुडघा दुखतोय."

"टेक."

"उभ्यानं म्हणतो ना. देवाला ऐकू येतं."

मावशी न वळता बोलली. आवाज अगदी खालचा होता. "एकोणपन्नास वर्षं मी टेकलेत. तुझ्यासाठी. आज माझा पाय वाकत नाहीये, म्हणून तुला सांगतेय."

मागे अकरा बायका आणि तेरेझ. पुढे मावशी. विस्तिननं डोळे मिटले आणि तो गुडघ्यांवर खाली गेला, आणि तो जसजसा खाली गेला तसतसा त्याच्या पोटामागून संत पौल वर उगवला, तलवारीसकट, सापासकट, संत दोमिनिकच्या वेदीसमोर.

चर्चात आधी कुजबुज होती, ती थांबली. एक बाक करकरला. मग तेरेझचा आवाज, "अगं बाई जीझा, तू पलीकडे कधी गेलीस?"

मावशीनं प्रार्थना पूर्ण केली. शेवटच्या आमेनपर्यंत. मग म्हणाली, "मला बाकावर बसव." विस्तिननं आणि तेरेझनं धरून बसवली. तिनं खुर्ची वळवायला लावली, पाठ वाचली, शांतपणे, अक्षर अक्षर, जसं काही ते तिच्या नावाचं पत्र होतं.

"लेस कुठंय?"

"उडाली."

"चांगलं झालं. ही अक्षरं मला दिसली तरी." आणि ती बाकावर हातांची घडी घालून बसली. "यात मी परत बसणार नाही."

"मावशी, एक वीस झालेत. सहा झालीत. फक्त दाराबाहेर जायचं आणि परत आत. दहा पावलं."

"दहा पावलं चालता येतात मला?"

"म्हणून तर खुर्ची..."

"ती नाही."

विस्तिननं विनवण्या केल्या. तेरेझनं आपली शाल खुर्चीवर टाकून दाखवली. मावशी म्हणाली, गाढवावर शाल टाकली म्हणून घोडा होत नाही. मग कुणी म्हणालं, घरून स्वयंपाकघरातली खुर्ची आणा. तेरेझचा नवरा पळाला तो पळालाच. एक पंचवीस. एक सत्तावीस. शेवटी विस्तिननं आडवातिडवा विचार न करता मावशीला उचललं, लहान मुलासारखं, प्लास्टरसकट, आणि दाराबाहेर धावला. मावशी त्याच्या टकलावर जपमाळेनं मारत होती. पायरीवर आला, गर्रकन वळला, आत शिरणार, तर दाराची दोन्ही पानं त्याच्या नाकासमोर सावकाश मिटली. दीड म्हणजे दीड. आतून अडसर पडल्याचा आवाज आला. मागोमाग बायकांना बाजूच्या छोट्या दारातून बाहेर काढून तेही लावून घेतलं, आणि तेरेझनं रिकामी खुर्ची ढकलत आणून पायरीशी लावली.

सहा.

विस्तिन पायरीवर मावशीला मांडीवर घेऊन बसला. पन्नाशीला आलेला हेडक्लार्क, मांडीवर अठ्ठ्याहत्तर वर्षांची बाई, भोवती अकरा बायका. त्याच्या डाव्या हाताला मुंग्या आल्या. मावशीच्या वजनानं आल्या असतील. पण डावा हात होता.

"जेझुइटांचं?" त्यानं विचारलं.

"एक वाजताच बंद झालं," तेरेझ म्हणाली. "कार्मेलचंसुद्धा. आता उघडं असेल ते फक्त..."

सगळ्यांना माहीत होतं कुठलं. पौलवाले दर वर्षी दोनपर्यंत दारं उघडी ठेवतात. मावशीच्या मते निव्वळ मिरवायला.

त्याच वेळी वरच्या गल्लीतून स्पीरूकाका आला, काठी टेकत, खुर्ची न्यायला. त्यानं पायरीवरचा देखावा पाहिला, खुर्ची पाहिली, घड्याळ पाहिलं. एक चाळीस. त्याला कुणी काही सांगायची गरज पडली नाही.

"जीझा," तो म्हणाला.

"स्पीरू," मावशी म्हणाली.

"पन्नास वर्षांनी माझं नाव घेतलंस. मला वाटलं विसरलीस."

"झांज इतकी बेसूर वाजवतोस, विसरणार कशी?"

"किती झाली?"

"सहा."

स्पीरूकाका काठीवर दोन्ही हात ठेवून उभा राहिला. "पाय ठेवणार नाही म्हणाली होतीस ना? मग नको ठेवूस. पाय खुर्चीच्या पट्टीवर राहतील. आम्ही उचलून नेतो. शपथ शाबूत."

"देवापुढे वकिली नको, स्पीरू."

"मग बस इथं."

विस्तिननं तोंड उघडलं. त्याला म्हणायचं होतं, राहू दे मावशी, माझा असल्या गोष्टींवर विश्वास नाही. ते वाक्य जिभेवर आलं, आणि तिथंच अडकलं, कारण ते खोटं होतं, आणि गुड फ्रायडे होता. मावशी त्याच्याकडे बघत होती. त्याच्या टकलाकडे, सुटलेल्या बटणाकडे, घामाकडे.

"निळा होतास," ती म्हणाली. "अगदी निळा. कार्मनी शुद्धीवर आली तर तिला काय सांगायचं, एवढंच माझ्या डोक्यात होतं." मग तिनं नाक ओढलं. "शपथ मी रागानं घेतली होती. नवस रागानं नव्हता बोलले. बसव त्यात."

मग जे काही पळाले म्हणता. विस्तिन मागे, स्पीरूकाका पुढे काठी उगारून लोकांना बाजूला करतोय, मागे तेरेझ आणि अकरा बायका, आणि खुर्चीच्या पाठीवरचा संत पौल आता उघडाच, कुणी झाकेना. ब्रेक नव्हता, पण चढ होता, त्यामुळे प्रश्न आला नाही. कोपऱ्यावर तोच रोमन शिपाई भेटला, आणि डोरिसचा टेबलक्लॉथ त्याच्या खांद्यावर, सोनेरी बकलात खोवलेला, झुलीसारखा. विस्तिनला तो दिसला. थांबायला वेळ नव्हता.

एक बावन्न. पौलच्या चर्चचं दार. समोर तो फुटपाथ. मावशीनं त्याच्याकडे एकदाच पाहिलं.

पायऱ्यांवरून खुर्ची चढवायची तर उलटीच ओढावी लागते. क्लबातले दोन दांडगे आले, त्यांनी मागून मुठी धरल्या, विस्तिननं पुढून उचललं. म्हणजे मावशी चर्चात चालली होती पाठमोरी, तोंड रस्त्याकडे, आणि रस्त्यावर तिच्याकडे डोळे फाडून बघणाऱ्या बारा दोमिनिकवाल्या.

"बघताय काय?" मावशी त्यांना म्हणाली. "सहाचे सात होतायत. तेरेझ, तोंड मीट, माशी जाईल."

खुर्ची उंबऱ्यावरून टणकन आत आली. सावलीत. मेणाचा वास, थंडावा. कुणी काही न सांगता तिला तसंच उलटं वेदीपर्यंत नेलं. मावशी अजून दाराकडेच बघत होती. एक पंचावन्न. विस्तिन तिच्यासमोर उभा, धापा टाकत, आणि त्याला कळेना, आता ती म्हणणार का की आले, झालं, चला? पाठ फिरवून केलेली भेट मोजतात का? असं कलम कुठं लिहिलंय का?

"फिरव," मावशी म्हणाली.

फिरवली. समोर मेणबत्त्या, पांढरी फुलं, वेदी. मावशी बराच वेळ बघत राहिली. छप्पन्न. विस्तिननं घड्याळाचा हात पाठीमागे लपवला.

"कार्मनी कुठं बसायची?"

स्पीरूकाकानं काठीनं दाखवलं. "उजवीकडे, तिसरा बाक, खांबाजवळ. खांबामुळं तिला वेदी दिसायची नाही. दर रविवारी कुरकुरायची. जागा नाही सोडली कधी."

"आमच्याच घरातली ती," मावशी म्हणाली. "तिथं ने मला."

खांबाशेजारी खुर्ची लावली. तिथून खरंच वेदी दिसत नव्हती. खांब दिसत होता आणि खांबाला टेकलेला उजेड दिसत होता. मावशीनं तिथून प्रार्थना सुरू केली. विस्तिन न सांगता गुडघ्यांवर बसला. त्याच्या डोक्यावर संत पौल, तलवार, साप, सगळं उघडं, आणि इथे कुणाला त्याचं काही नव्हतं. मावशीचा आवाज एकदा मधे थांबला. आठवेना म्हणून नव्हे. मग पुढे गेला, शेवटापर्यंत, एक शब्द न गाळता.

बाहेर आले तेव्हा मागे दार मिटलं आणि वरून घंटेऐवजी लाकडी खुळखुळा वाजला, खड खड खड खड. दोन. सात. पन्नास. विस्तिननं नाडी धरली. नाडी होती, आणि आता तिला कसलीच घाई नव्हती. त्याला एकदम भूक लागली, माणसाला पहिल्यांदाच लागावी तशी.

"फुलं बरी आहेत," मावशी स्पीरूकाकाला म्हणाली. "मेणबत्त्या वाकड्या."

"पुढच्या वर्षी सरळ लावू," स्पीरूकाका म्हणाला. "पण तुझं तर झालं आता. पन्नास पूर्ण. सुटलीस."

"सुटले कसली? एकोणपन्नास वर्षं सहाच चर्चं केली मी. दोमिनिक दोनदा धरलं ते मी धरलं. वरच्यानं धरलं की नाही, त्यानं कुठं सही दिलीये?"

विस्तिनची भूक गेली. "मावशी. म्हणजे एकोणपन्नास वर्षं मी..."

"जगलास ना? मग झालं तर. आता नीट करू. सातच्या सात. खरं वर्ष आजचं, पहिलं." तिनं बोटांवर काहीतरी मोजलं आणि मोजणं सोडून दिलं. "स्पीरू, तुझ्या ढोलवाल्याला बाकावर बसव, मिरवणूक बाकावरूनही दिसते. आणि विस्तिन."

"काय मावशी?"

"खुर्ची परत करू नकोस."